पाच बरण्यांमधलं पीठ

दोल्नी ब्रेग,
१० सप्टेंबर २००६

चि. रुझा हिस,
त्सोना आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. फोन करत नाहीस ते बरं करतेस. मला ऐकू येत नाही आणि तुझा वेलिनदादा मधे उभा राहून ओरडून सांगतो, त्यातलं अर्धं त्याच्याच मनाचं असतं. मागे तू म्हणे लग्न ठरवलंस! मी शेजारी दोन घरी सांगूनही आले. मग कळलं की तुझं ‘लग्न’ कसलं, तुला कसलीशी शिष्यवृत्ती मिळाली होती. तिसावं लागेल आता, बाईसाहेब. तुझ्या त्या काचेच्या बाटल्यांमधून एखादा जावई निघतोय का बघ.

इकडे सगळं ठीक. मिरच्या भाजून झाल्या, चाळीस बरण्या भरल्या. तुझी वहिनी सेव्दा कामाला वाघीण आहे, पण कणीक मळायला घेतली की भांडण केल्यासारखी मळते. शिकवतेय मी. तुझा भाऊ लग्न झाल्यापासून चांगलाच सुटलाय. नदीकाठचं शेत आपलं, गहू आपलाच, पीठ आपलंच. दिवसाला एक अख्खा पाव दोघांत फस्त होतो.

आता तू विचारलंस ते. कागद घेऊन बसले आणि ‘घरचं दुखणं’ कुठल्या घरात झालं ते लिहून काढलं. आपल्या गल्लीत चौदा घरं आहेत, त्यातल्या नऊ घरांत झालं. एरवी माणूस एकेक मयत आठवतो, सगळी एका कागदावर कोण मांडतो? आधी तुझी आजी, मग तुझे बाबा, मग तीन वर्षांनी तुझी आई. आई तर लांबच्या गावची, आपल्या रक्ताची नव्हे, तरी तिलाही त्यानं सोडलं नाही. सून घरात आली की वीस-बावीस वर्षं सुखाची, मग मूत्रपिंडं सुकायला लागतात, मग गाठ. आणि जी पोरं लहानपणीच शहरात गेली ती ठणठणीत. म्हणजे ते माणसं ओळखत नाही, घर ओळखतं. कोपऱ्यावरच्या मार्कोनं घाबरून दार पश्चिमेचं पूर्वेला करून घेतलं, आठवतं? दोन वर्षांनी त्याच नव्या दारातून त्याला बाहेर काढला.

आपल्या घरात एवढी वर्षं काढून उरले ती मी एकटी. चौऱ्याहत्तर पूर्ण. समोरची गेना परवा विहिरीवर सेव्दाला म्हणाली की तुझी आत्तेसासू स्वतः भाजलेला पाव खात नाही आणि मरतही नाही, याचा अर्थ काय तो तूच लाव. माझं पोट लहानपणापासून गव्हाला वैरी, हे तिला माहीत आहे. गहू खाल्ला की पोट फुगून ढोल होतं, म्हणून मक्याच्या उकडीवर जन्म काढला, त्यापायी लग्नही मोडलं. पण तिनं नवरा पुरला, मुलगा पुरला. तिच्या तोंडाला कोण लागणार? मी तिच्या ओठांवरून सगळं वाचलं आणि न ऐकल्यासारखं केलं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा.

जेवत जा. पत्र धाडत जा, तेवढ्यावर माझा महिना जातो.
तुझी आत्या,
त्सोना


सोफिया,
२ ऑक्टोबर २००६

ती. आत्यास,
रुझाचा सा. न. वि. वि.

यादी मिळाली. आमच्या प्राध्यापिका दोनचेवाबाईंनी ती दोनदा वाचली आणि म्हणाल्या, तुझ्या आत्याला आमच्याकडे नोकरी द्यायला हवी. मी म्हटलं, नको, ती आम्हा सगळ्यांची कणीक तिंबेल.

तू नेहमी विचारतेस मी दिवसभर करते तरी काय. सांगते. दवाखान्यात ज्यांच्या गाठी काढल्या, त्यातला नखाएवढा तुकडा मेणाच्या वडीत घालून वर्षानुवर्षं जपून ठेवतात. मी त्या वडीचे केसाहून पातळ पापुद्रे काढते आणि त्यातल्या पेशींच्या आतलं लिखाण वाचते. प्रत्येक पेशीत एक रखवालदार असतो. पेशी बिघडली की तो तिला वाढू देत नाही. कर्करोगात बऱ्याचदा त्या रखवालदाराच्या लिखाणातलंच एखादं अक्षर बदललेलं असतं, मग कुणाला आवर राहत नाही. सिगारेटीनं बदलतं ते एका तऱ्हेनं, उन्हानं दुसऱ्या.

आपल्या भागातल्या अकरा माणसांच्या वड्या मी वाचल्या. आत्या, अकरांपैकी नऊ जणांत तोच बदल. एका ठरावीक अक्षराच्या जागी दुसरं एक ठरावीक अक्षर. ही माणसं एकमेकांची कुणी नाहीत, मेली वेगवेगळ्या वर्षी, तरी आत मजकूर एकच. मी यंत्र बिघडलं समजून तीनदा वाचलं. असा बदल सहसा कुठे दिसत नाही. कुणीतरी घरोघर जाऊन प्रत्येकाच्या आत तीच खोडी करून ठेवावी, तसं वाटतं. गेला आठवडा मी प्रयोगशाळेत एकटी थांबत नाहीये, बाईंना कारण सांगितलं नाही.

आणखी एक. वड्यांवर नाव नसतं, नंबर असतो, आणि नंबरापलीकडे विचारायचं नाही असा नियम आहे. पण एकेचाळीस नंबरवर गाव आपलं होतं, बाई, वय अठ्ठेचाळीस, साल अठ्ठ्याण्णव. त्या वर्षी आपल्या गावातून दुसरी कोण गेली होती? मी सुरी लावली आणि कापत राहिले. पापुद्रे पाण्यावर तरंगत होते आणि माझ्या मनात येत होतं, आई, तू आठ वर्षं इथे थंड खोलीत होतीस आणि मी त्याच मजल्यावरून रोज ये-जा करत होते. तिच्यातही तोच बदल आहे.

बाई म्हणतात की घरागणिक वेगळं काय, ते शोधायला हवं. विहिरीचं पाणी तपासून झालं, त्यात काही नाही. तेव्हा आता पीठ आणि थोडे न दळलेले गहू पाठव. आपल्या घरचे, आणि आणखी चार घरचे मिळाले तर फार बरं. बरण्यांवर नावं लिही.

वेलिनदादाला आणि वहिनीला नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण उत्तर दे.
तुझी,
रुझा


दोल्नी ब्रेग,
७ नोव्हेंबर २००६

चि. रुझास,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचलं. पोरी, आईला कापताना हात कापला नाही ना तुझा? मी असते तर ती वडी पदरात घेऊन घरी आले असते. तुझ्या त्या नंबरांचं मी काय करू, मला ती सायकलवरून येताना दिसते, पिठाची पिशवी पुढे अडकवलेली.

बसच्या ड्रायव्हरबरोबर पाच बरण्या पाठवल्यात. आपली, गेनाची, मार्कोच्या विधवेची, शिक्षकाच्या घरची आणि धर्मगुरूंची. धर्मगुरूंच्या घरी पीठ दुकानचं असतं, पण तू पाच म्हणालीस म्हणून पाच. गेनानं पीठ दिलं ते दारातूनच, माझ्या हाताला हात लागू न देता. वर म्हणते, आता पीठसुद्धा हवंय का तुला?

गहू चाळून पाठवायचे होते, पण तू तसेच मागितलेस, तेव्हा आहेत तसे दिलेत. खडे मी काढतेच. पण वेलिन निंदणी करत नाही. नदीकाठी लांडग्याच्या सफरचंदाचं तण एवढं माजलंय की गव्हातून पिवळी फुलं वर येतात. त्याला घोडासुद्धा तोंड लावत नाही. कापणीत त्याची फळं फुटतात आणि चपटं बी गव्हात जातं. दाण्याएवढंच असतं, चाळणीत राहतं, कोण निवडत बसणार? माझ्या आईनंही निवडलं नाही कधी.

शनिवारी पितरांचा शनिवार झाला. गहू उकडले, साखर-अक्रोड घातले, पाव भाजले आणि सगळं गाव दफनभूमीत. एक सांगते, हसू नकोस. दुखणं यायच्या कितीतरी वर्षं आधी माणसाचा तळहात तांब्याच्या रंगाचा होतो. डॉक्टरला नंतर कळतं, मला आधी. तुझ्या बाबांचा हात मी पाव देताना पाहिला होता आणि गप्प बसले होते, सांगून काय होणार होतं? त्या दिवशी गहू वाटताना पुढे आलेला प्रत्येक हात बघत होते. गेनाच्या मुलीच्या तळहाताला तोच तांब्याचा रंग होता. तिला दोन लहान पोरं आहेत.

गेनानं माझ्या हातचे गहू घेतले आणि माझ्यादेखत थडग्यामागे टाकून दिले.

एक गोड बातमी शेवटी ठेवली होती. सेव्दाला दिवस गेलेत. आता तिला दुप्पट पाव लागणार.
विसरू नकोस आम्हाला,
त्सोना आत्या


सोफिया,
५ डिसेंबर २००६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

वहिनीची बातमी वाचून फार फार आनंद झाला. बरण्या मिळाल्या, छान भरल्या होत्यास, एक कणही सांडला नाही.

एक छोटीशी विनंती. आमच्या कामाला आणखी पीठ लागणार आहे, तेव्हा घरात आहे ते सगळंच पाठवून दे, पोतीच्या पोती. गहूही. तोवर पाव दुकानातून आणा, हल्ली तो चांगला मिळतो, आणि तुझ्या खांद्यांनाही जरा आराम. वहिनीनं तर नक्की दुकानचाच खावा. आणि दादा-वहिनीला एकदा सोफियाला पाठव, सहज तपासणी करून घेऊ, शहरही बघतील. गर्दी नाही तोवर लवकरच येऊ देत.

तू काळजी घे. तू फार चांगली आहेस, आत्या. तुझं ऋण मोठं आहे माझ्यावर.
सदैव तुझीच,
रुझा


दोल्नी ब्रेग,
२७ डिसेंबर २००६

रुझा,
आशीर्वाद.

तू मला गोड कधीपासून लिहायला लागलीस? ‘छान भरल्या होत्यास’ म्हणे! सात वर्षांची असताना माझा चिनी मातीचा वाडगा फोडलास, तेव्हा अशीच गोड बोलत होतीस. म्हाताऱ्या बाईकडे कुणी पोतीच्या पोती पीठ मागतं का? वेलिनला वाचून दाखवलं तर तो हसला, म्हणाला की प्राध्यापिकाबाईंना आत्याच्या पिठाची चटक लागली. मी हसले नाही.

दुकानचा पाव आणला नाही. नाताळची आदली संध्याकाळ होती, त्या दिवशी दुकानचा पाव मांडायचा म्हणजे घराला लाज. रीतीप्रमाणे मी मोडला. पहिला तुकडा देवाचा, दुसरा घराचा, तिसरा गेलेल्यांचा, मग वेलिन, मग सेव्दा, आणि पोटातल्या बाळाचा म्हणून सेव्दाला आणखी एक. तिनं दोन्ही खाल्ले. मला हे लिहायचं नव्हतं, पण सांगते. घराचा तुकडा मी चुलीवरच्या फळीवर ठेवते, तो दरवर्षी वाळून तिथेच असतो, मग कोंबड्यांना घालते. या वर्षी सकाळी फळीवर काही नव्हतं. उंदीर असेल म्हण, मांजर असेल म्हण. देवाचा आणि पितरांचा शेजारीच तसेच होते. मी फळीखाली उभी राहून इतका वेळ बघत राहिले की दूध उतू गेलं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात तुझं पत्र आलं. घर, पीठ, पाव. तू काहीतरी शोधलंयस आणि ते माझ्यापासून लपवतेयस. मला सांभाळू नकोस. मी तुझ्या आईबापांना पुरलंय, तुला न्हाऊमाखू घातलंय. खरं काय ते सरळ लिही. तुझं उत्तर येईपर्यंत भट्टी पेटवणार नाही. सेव्दाला सांगितलंय की विटा निखळल्यात.
त्सोना


सोफिया,
८ जानेवारी २००७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सरळ लिहिते. चार वेळा लिहून फाडलं.

पिठातच आहे. पाचांपैकी चार बरण्यांमध्ये लांडग्याच्या सफरचंदाचं बी सापडलं, गव्हात अख्खं आणि पिठात दळलेलं. फक्त धर्मगुरूंच्या बरणीत नाही. गेनाकाकूच्या बरणीत सगळ्यात जास्त. त्या बियांमध्ये एक विष असतं. रोज थोडं थोडं पोटात जातं, चव कळत नाही, काही होत नाही. मूत्रपिंडात जाऊन ते पेशींच्या लिखाणाला चिकटतं आणि नेमकं तेच एक अक्षर बदलतं, जे मी त्या नऊ जणांत वाचलं होतं. मग वीस-पंचवीस वर्षं गप्प. दवाखान्यात आईचा गोठवून ठेवलेला एक तुकडा होता. ते विष अजून त्यात चिकटलेलं आहे, आत्या. माणूस गेलं तरी ते गेलेलं नाही.

म्हणून ते घर ओळखतं. प्रत्येक घर आपापल्या शेताचा गहू दळतं आणि प्रत्येक घरात आपापली बाई भाजते. म्हणून सून जाते आणि शहरात गेलेली पोरं वाचतात. म्हणून तू जिवंत आहेस.

यात तुझा काही दोष नाही. हे वाक्य तुला आवडणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिते.

वेलिनदादाला लगेच पाठव. आज त्याला काही होत नसेल, पण त्यानं तीस वर्षं खाल्लाय. मी अठरा. मी तपासून घेतलं, सध्या ठीक आहे, दर सहा महिन्यांनी जन्मभर बघत राहायचं. वहिनीनं दीड वर्षच खाल्लाय, ती आणि बाळ आत्ता थांबलं तर सुटतील असं बाई म्हणतात. गेनाकाकूच्या मुलीला पहिल्या गाडीनं पाठव. आणि गावाला सांगायला हवं. सरकारी पत्र यायला वर्ष लागेल, तोवर ती पोरं रोज खाणार. माझं ऐकणार नाहीत. तूच सांगू शकतेस.

मी रोज तुझाच विचार करते. लवकर लिही, कितीही कडू लिही.
तुझी रुझा


दोल्नी ब्रेग,
१२ फेब्रुवारी २००७

चि. रुझा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, क्षमा कर. पत्र वाचलं त्या दिवशी भट्टीजवळच्या बाकावर बसले ती उठलेच नाही. तुझे बाबा तोंडात घास असताना म्हणायचे, त्सोना, आणखी एक कापा दे. मी द्यायची. जाडच कापून द्यायची, वर मीठ घालून. शेवटच्या वर्षी त्यांना काही जात नव्हतं, तर दुधात पाव कुस्करून चमच्यानं भरवला. एवढंच लिहिते, याहून जास्त लिहवत नाही. दोष नाही म्हणालीस, बरं म्हणालीस. पण हात माझेच होते ना गं.

वेलिन आणि सेव्दा तुझ्याकडे येऊन गेलेच. गेनाच्या मुलीला वेलिननं मोटारीत घालून आणलं, काय सांगून आणलं ते त्याचं त्याला माहीत. तिचं निदान लवकर झालं म्हणतेस, देव तुझं भलं करो.

आता गावाचं. परवा पुन्हा पितरांचा शनिवार होता. सगळं गाव दफनभूमीत जमतं, त्याहून चांगली वेळ नाही, म्हणून तोवर थांबले, आणि त्या दिवशी बोलायचं ठरवलं. घोकून ठेवलं होतं, की बायांनो, आपापल्या घरचं पीठ बघा, आपापल्या गव्हात हे बी आहे, आपण सगळ्यांनीच खाऊ घातलंय. तुझ्या पत्रात आहे तसंच. धर्मगुरूंनी प्रार्थना संपवली, मी पुढे झाले.

आणि समोर गेना होती. मुलाच्या थडग्यावर वाकून पाव मोडत होती. मला तिचे ओठ वाचता येतात. म्हणत होती, गरम आहे अजून, माझ्या राजा, खा. पलीकडे मार्कोची विधवा, तिच्यापलीकडे शिक्षकाची बहीण, सगळ्या हातात आपापला पाव घेऊन. रुझा, तू मला जे सांगितलंस ते मी त्या प्रत्येकीला सांगायला निघाले होते. मी तरी कुणाची जन्मदाती आई नाही. गेनानं स्वतःच्या पोराला भरवलं. ते कळल्यावर ती त्या थडग्यापासून घरी कशी आली असती?

तेव्हा मी वेगळंच बोलले. म्हणाले, तुम्ही आजवर माझ्याबद्दल जे बोललात ते खरं आहे. सोफियाहून तपासून आलंय. आमच्या नदीकाठच्या गव्हात विषारी बी होतं, माझ्या पिठात होतं, आणि या गावातल्या कुठल्या लग्नाला, बारशाला, मयताला माझ्या भट्टीचा पाव गेला नाही? चाळीस वर्षं मीच वाटला आणि स्वतः खाल्ला नाही. तुमची माणसं माझ्या पावानं गेली. आता ते बी वाऱ्यानं, पुरानं तुमच्याही शेतांत पसरलंय, तेव्हा घरात असेल ते पीठ आजच्या आज फेकून द्या आणि शेतातलं ते पिवळं तण मुळापासून उपटा. नाही तर तुमची नातवंडंही जातील.

मग गेनानं हातातला पाव खाली ठेवला, चालत आली आणि माझ्या तोंडात मारली. तिच्या हाताला पिठाचा वास होता. मारून ती रडली, मुलगा गेल्यापासूनच्या आठ वर्षांत मी तिला तशी रडताना पाहिलं नव्हतं, मोकळी, तोंड उघडं टाकून. बाकीच्या बाया तिला धरून घेऊन गेल्या. धर्मगुरूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याही घरची बरणी गेली होती, त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, पण काही बोलले नाहीत.

काल संध्याकाळपर्यंत गावाबाहेरच्या चुन्याच्या खड्ड्यात सतरा पोती पडली. वेलिन मोजून आला. गेनाची तीन. आज सकाळी आमच्या फाटकावर दगड आला, सेव्दा घाबरली. तिला बाळंतपणाला माहेरी पाठवतेय. माझ्याशी आता कुणी बोलत नाही, विहिरीवर गेले की बाया बाजूला होतात. चिडू नकोस, आणि मला शहाणपण शिकवायला इकडे धावत येऊ नकोस. मला शिव्या देत त्या नीट झोपतात, हे मला चालतं.

फक्त एक काम कर. तुझ्या प्रबंधात जे खरं ते सगळं लिही, तो इथे कोण वाचतंय. पण चार बरण्यांचे निकाल तू कागदावर पाठवणार आहेस असं वेलिन म्हणाला, ते पाठवू नकोस. गेनाचा तर मुळीच नाही. आमच्या एकट्या बरणीचा पाठव, वर शिक्का मोठा असू दे आणि माझं नाव ठळक. मेलेल्यांच्या बातमीचे कागद लोक इथे दाराला चिकटवतात आणि येता-जाता उभे राहून वाचतात. तसा तो मी फाटकाला चिकटवणार आहे.

थंडी आहे, मोजे घाल. माझ्यावर जीव ठेव, इकडे आता तेवढाच आहे.
तुझी आत्या,
त्सोना